महाधमनीची झडप बदलल्यानंतर ज्येष्ठांमधला हार्ट फेल्युअरचा धोका: घरच्यांनी काय बघायचं, कधी धावायचं

महाधमनीची झडप बदलून ज्येष्ठ माणूस घरी आला की घरातले सगळे म्हणतात, "सुटलो एकदाचे." म्हणावंच, कारण मोठं संकट टळलेलं असतं. पण तिथून घराचं लक्ष सैल पडतं. नेमक्या पुढच्या काही महिन्यांत काही रुग्णांच्या पायांत आणि फुप्फुसांत हळूहळू पाणी साठू लागतं. "वय झालंय, एवढं ऑपरेशन झालंय, थकवा येणारच," असं म्हणत आठवडा जातो आणि मग एका रात्री बसूनही श्वास घेता येत नाही म्हणून इमर्जन्सी गाठावी लागते. हा मधला आठवडा हातात असतो. तो वाया जाऊ नये, एवढ्यासाठी हा लेख. आपल्या रुग्णाची औषधं आणि मर्यादा त्याचे डॉक्टरच ठरवतील. इथे आहे ते घरच्यांच्या वाटचं काम.

आधी थोडं कारण समजून घ्या

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हृदय चालू असतं, पण शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलणं त्याला जमत नाही, किंवा ते जमावं म्हणून आतला दाब इतका वाढवावा लागतो की मागे फुप्फुसांत पाणी झिरपतं.

म्हातारपणी महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियम साठतं, ती कडक आणि अरुंद होते. शरीराला रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याला प्रत्येक ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो. त्या जोरापायी त्याची भिंत जाड होते, ताठर होते आणि स्नायूंच्या मध्ये तंतुमय ऊती वाढत जाते. वर्षानुवर्षं अडकलेल्या दाराला खांदा लावून ढकलणाऱ्या माणसाचं दार उघडलं, तरी आखडलेला खांदा त्याच दिवशी मोकळा होत नाही. हृदयाचंही तसंच आहे. नवी झडप बसताच समोरचा अडथळा कमी होतो, पण जाड झालेली भिंत पातळ व्हायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त काळ लागतो. पसरलेला तंतुमय भाग काही प्रमाणात ओसरतो, पण जिथे स्नायू मरून व्रण तयार झाला आहे तो कायम राहतो.

म्हणून रिपोर्टमध्ये "पंपिंग ६० टक्के" लिहिलेलं असूनही दम लागू शकतो. पंपिंगचा आकडा, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, हृदय किती आकुंचन पावतं ते सांगतो. ते सैल होऊन नीट भरतं का, हे त्या आकड्यात दिसत नाही. ज्येष्ठांमध्ये अनेकदा खरी अडचण भरण्याचीच असते. "पंपिंग चांगलं आहे ना, मग काळजी कसली?" हा या विषयातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे, असं माझं मत आहे.

पायरी १: डिस्चार्जच्या आधी हे आकडे लिहून घ्या

डिस्चार्ज कार्ड फाईलमध्ये जातं आणि फाईल कपाटात. तसं करू नका. एका कागदावर या गोष्टी मोठ्या अक्षरांत उतरवा: झडप जैविक आहे की यांत्रिक, तिचा आकार किती, छाती उघडून बसवली की पायातल्या रक्तवाहिनीतून टावी पद्धतीने. नव्या झडपेवरचा सरासरी ग्रेडियंट, म्हणजे झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबांतला फरक, किती. झडपेच्या कडेने गळती आहे का, असेल तर नगण्य, सौम्य की मध्यम. इजेक्शन फ्रॅक्शन. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांमधला दाब. मायट्रल आणि ट्रायकस्पिड या हृदयातल्या आणखी दोन झडपांची अवस्था. ईसीजीमध्ये नवा लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक, म्हणजे ठोक्यांच्या विद्युतमार्गाच्या डाव्या फांदीत अडथळा, आला आहे का, पेसमेकर बसवला का. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन.

आणि एक आकडा जो बहुतेक जण विचारत नाहीत: अंगात जादा पाणी नसतानाचं वजन. डॉक्टर त्याला ड्राय वेट म्हणतात. "यांचं ड्राय वेट किती धरायचं?" एवढंच विचारा. पुढची सगळी मोजणी या एका आकड्यावर उभी राहते. घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या काट्यावर पुन्हा वजन करा, कारण रुग्णालयाचा काटा आणि तुमचा काटा एकच आकडा दाखवतीलच असं नाही. यापुढे तुलना करायची ती घरच्या काट्याशीच.

पायरी २: आपला रुग्ण किती धोक्यात आहे ते ठरवा

शस्त्रक्रिया होईपर्यंत हृदयाचं किती नुकसान झालं होतं, यावर पुढचं बरंच काही ठरतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महाधमनीची झडप बदलण्यावरच्या पार्टनर २ नावाच्या चाचण्यांमधल्या रुग्णांच्या हृदयाच्या नुकसानीचे ० ते ४ असे टप्पे पाडले गेले. शून्य म्हणजे झडपेपलीकडे नुकसान नाही. पहिल्यात डावा खालचा कप्पा, दुसऱ्यात डावा वरचा कप्पा किंवा मायट्रल झडप, तिसऱ्यात फुप्फुसांतला दाब किंवा ट्रायकस्पिड झडप, आणि चौथ्यात उजवा खालचा कप्पा. झडप बदलल्यानंतरच्या एका वर्षातलं मृत्यूचं प्रमाण शून्य टप्प्यात ४.४ टक्के होतं, चौथ्यात २४.५ टक्के. झडप सगळ्यांचीच बदलली होती, फरक पडला तो झडपेमागच्या हृदयाचा. "आमच्या रुग्णाच्या हृदयाचं आधीच किती नुकसान झालं आहे?" हा प्रश्न कार्डिओलॉजिस्टना सरळ विचारा.

याखेरीज धोका वाढवणाऱ्या गोष्टी अशा: शस्त्रक्रियेआधी हार्ट फेल्युअरसाठी भरती व्हावं लागलं असणं, एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे अनियमित ठोके, मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, फुप्फुसाचा जुना आजार, रक्तक्षय, हृदयाच्या धमन्यांमधले अडथळे आणि आटोक्यात नसलेलं बीपी. बीपीकडे दुर्लक्ष फार होतं. अरुंद झडपेचा अडथळा गेला, पण पुढे धमन्यांमधला दाब चढाच राहिला, तर डाव्या कप्प्याचं ओझं अर्धवटच उतरलं. नव्या झडपेतूनही काही कारणं येतात. शरीराच्या मानाने झडप लहान पडणं हे एक, कडेची गळती हे दुसरं. ठोक्यांच्या विद्युतमार्गाला धक्का लागून दोन्ही खालचे कप्पे एका तालात न आकुंचणं हे तिसरं. पेसमेकर सतत उजव्या कप्प्यातून ठोके देत राहिला तरी काहींचं पंपिंग कालांतराने उतरतं.

इथे एका आजाराबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तो हातातून निसटतो. ट्रान्सथायरेटिन ॲमिलॉइड नावाच्या आजारात एक प्रथिन हृदयाच्या स्नायूत साठून तो ताठर करतं. टावीसाठी आलेल्या ज्येष्ठांच्या तपासण्यांमध्ये साधारण आठांपैकी एकाला हा आजार आढळला आहे. त्याची खूण कधीकधी हृदयात नसते, हातात असते. काही वर्षांपूर्वी दोन्ही मनगटांचं कार्पल टनेलचं, म्हणजे मनगटात दबलेली नस मोकळी करायचं, ऑपरेशन झालेलं असणं, बोटांना मुंग्या येणं, इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, भिंत जाड पण ईसीजीतल्या लहरी त्या मानाने बुटक्या असणं. असा इतिहास असेल आणि झडप बदलूनही दम कमी होत नसेल, तर डॉक्टरांना तो आवर्जून सांगा. न्यूक्लियर स्कॅन आणि सोबत रक्त-लघवीच्या ठरावीक तपासण्यांनी निदान होतं, आणि या आजारावर आता औषधंही आहेत.

पायरी ३: वही सुरू करा

पहिले तीन महिने तरी रोज. सकाळी उठल्यावर, लघवी करून, काही खाण्यापिण्याआधी, तशाच हलक्या कपड्यांत, त्याच काट्यावर, त्याच जागी वजन. मग पाच मिनिटं शांत बसवून बीपी आणि नाडी. मग पाय. मग एक प्रश्न: "रात्री किती उशा घेतल्या?" आडवं झाल्यावर दम लागू लागला की माणूस नकळत उशा वाढवतो.

पाय बघायची पद्धत अशी. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या थोडं वर, अंगठा पाच सेकंद दाबून धरा आणि सोडा. खड्डा पडला आणि लगेच भरला नाही, तर पाणी आहे. दुसऱ्या दिवशी तीच जागा बघा. सूज घोट्यावरून नडगीवर चढते आहे का, हे महत्त्वाचं. मात्र प्रत्येक सूज हृदयाची नसते. बीपीसाठीच्या ॲम्लोडिपिनने घोटे सुजतात. सोबत बायपास झाली असेल आणि पायातली शीर काढली असेल, तर त्याच पायाला सूज राहते. एकाच पायाला अचानक सूज आणि दुखणं असेल तर शिरेत गुठळी नाही ना, हे त्याच दिवशी दाखवा.

वहीतलं पान कसं बोलतं, त्याचा नमुना:

सोमवार: ६२.४ किलो, नाडी ७४, एक उशी.
मंगळवार: ६२.६, नाडी ७६, एक उशी.
बुधवार: ६३.५, नाडी ८४, संध्याकाळी चपला घट्ट झाल्या.
गुरुवार: ६४.६, नाडी ९२, दोन उशा, जेवण अर्धं टाकलं.

यातला एकेक दिवस सुटा बघितला तर काहीच विशेष वाटत नाही. सलग वाचलं की तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढ, चढती नाडी, वाढलेली उशी आणि मंदावलेली भूक एकत्र दिसतात. गुरुवारी सकाळीच फोन करायचा. तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढ ही सर्वसाधारण मर्यादा धरतात; तुमच्या डॉक्टरांनी याहून कमी आकडा दिला असेल तर तो पाळा.

एक फसगत मात्र ध्यानात ठेवा. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ज्येष्ठांची भूक जाते, मांड्या-दंडांचे स्नायू झिजतात. स्नायू दोन किलोंनी घटले आणि पाणी दोन किलोंनी वाढलं, तर काटा जागचा हलत नाही. म्हणून वजन स्थिर आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. पाय, उशा आणि दम यांची नोंद तितकीच मोलाची आहे, आणि दर भेटीत ड्राय वेट नव्याने ठरवून घ्या.

पायरी ४: म्हातारपणी लक्षणं वेगळ्या वेषात येतात

आडवं झाल्यावर दम लागणं, झोपेतून घुसमटून उठणं, चालताना धाप लागणं ही ठळक लक्षणं. पण ज्येष्ठ माणूस दम लागेल अशी कामंच हळूहळू सोडून देतो. जिना चढायचा नाही, अंगणाच्या टोकापर्यंत जायचं नाही. मग "दम लागतो का?" विचारलं की उत्तर "नाही" येतं, आणि ते खरंच असतं. त्याऐवजी विचारा, "मागच्या आठवड्यात करत होतात, पण या आठवड्यात टाळलंत असं काय?" उत्तर पटकन मिळतं.

याशिवाय बघा: चपलेचा पट्टा लावायला वाकल्यावर धाप, रात्रीचा कोरडा खोकला, पोट फुगल्यासारखं वाटून दोन घासांत पोट भरणं, रात्री वरचेवर लघवीला उठणं, आणि अचानक आलेला गोंधळ किंवा सुस्ती. शेवटचं लक्षण घरचे विसरभोळेपणात जमा करतात. दोन दिवसांत माणूस बदलल्यासारखा वाटला, तर कारण हृदय, रक्तातलं सोडियम, जंतुसंसर्ग किंवा औषध यांपैकी काहीही असू शकतं, आणि ते शोधावंच लागतं.

पायरी ५: गोळ्या, आणि गोळ्यांमधले सापळे

लघवीची गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड, पाणी काढते आणि बरं वाटायला लावते. ती स्वतःहून वाढवू नका आणि "आता बरं आहे" म्हणून बंदही करू नका. ताठर, जाड भिंतीच्या लहान कप्प्याला भरायला पुरेसं रक्त लागतं. पाणी जास्त काढलं की बीपी कोसळतं, उभं राहताना चक्कर येते, माणूस पडतो. म्हणून मात्रा बदलल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम तपासून घ्या.

पंपिंग ४० टक्के किंवा त्याहून कमी असेल, तर हार्ट फेल्युअरची नेहमीची औषधं झडप बदलल्यानंतरही चालू ठेवावी लागतात. ठोक्यांच्या विद्युतमार्गात नवा बिघाड असेल तर ठोके संथ करणारी बीटा ब्लॉकर औषधं देताना डॉक्टर विशेष सावध असतात.

नव्याने भर पडली ती डॅपाग्लिफ्लोझिन या मूळच्या मधुमेहाच्या औषधाची. २०२५ साली प्रसिद्ध झालेली डॅपाटावी ही चाचणी स्पेनमध्ये झाली. रुग्णांचं सरासरी वय ८० च्या पुढे होतं. सगळ्यांना आधी हार्ट फेल्युअर होऊन गेलं होतं आणि सोबत मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह किंवा कमी पंपिंग यांपैकी काहीतरी होतं. टावीनंतर नेहमीच्या उपचारांना हे औषध जोडलेल्या गटात वर्षभरात मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर बळावणं हे १५ टक्के रुग्णांत घडलं, औषध न जोडलेल्या गटात २०.१ टक्क्यांत. फायदा मुख्यतः हार्ट फेल्युअर बळावण्याचं प्रमाण घटल्याने दिसला. बीपी उतरणं आणि गुप्तांगाचा जंतुसंसर्ग हे त्रास मात्र जास्त झाले. त्यामुळे हे सरसकट सगळ्यांचं औषध नाही, पण तुमचा रुग्ण या वर्णनात बसत असेल तर "यांना हे चालेल का?" असं विचारणं रास्त आहे. ते सुरू असताना उलट्या-जुलाब झाले, खाणं बंद झालं किंवा दुसरं ऑपरेशन ठरलं, तर ते तात्पुरतं थांबवावं लागतं. कधी आणि किती दिवस, हे आधीच लिहून घ्या.

आता सापळे. सांधेदुखीसाठी मनाने घेतलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या शरीरात मीठ-पाणी अडवतात, मूत्रपिंडावर ताण आणतात आणि लघवीच्या गोळीचा असर कमी करतात. झडप बदललेल्या ज्येष्ठाच्या घरात या गोळ्या हाताशी ठेवूच नयेत. पाण्यात टाकून फसफसणाऱ्या गोळ्यांमध्ये सोडियम बरंच असतं. मधुमेहाचं पायोग्लिटाझोन अंगात पाणी साठवतं. "कमी सोडियमचं मीठ" म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं. पोटॅशियम वाढवणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळीसोबत ते धोक्याचं ठरू शकतं.

यांत्रिक झडप असेल तर वॉरफरिनसारखी जुन्या प्रकारची रक्त पातळ करणारी गोळी कायमची लागते. डॅबिगॅट्रान, ॲपिक्साबॅन ही नवी औषधं यांत्रिक झडपेला चालत नाहीत. हार्ट फेल्युअर बळावून यकृतात रक्त तुंबलं की त्याच मात्रेवर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा, चढतो. कारण नसताना आयएनआर वाढला, तर वजन आणि पायही बघा.

पायरी ६: मीठ, पाणी, हालचाल

मीठ दिवसाला एकूण ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक सपाट चमचा, आणि त्यात तयार पदार्थांमधलं मीठही आलं. पाणी कमी करायचं ते डॉक्टरांनी सांगितलं तरच. मनाने पाणी तोडलं की ज्येष्ठांचं मूत्रपिंड लवकर दुखावतं. प्रथिनं मात्र पुरेशी द्या, नाहीतर वर सांगितलेली स्नायूंची झीज थांबत नाही.

चालणं रोज, बोलता येईल इतक्याच वेगाने. छाती उघडली असेल तर हाड जुळेपर्यंत, म्हणजे साधारण सहा ते बारा आठवडे, जड उचलायचं नाही आणि दोन्ही हातांवर भार देऊन उठायचं नाही. जवळ कार्डियाक रिहॅबची, म्हणजे हृदयरुग्णांसाठी देखरेखीखालच्या व्यायामाची, सोय असेल तर नक्की घ्या. चालण्याचा वेगही महिन्यातून एकदा मोजा: पाच मीटर नेहमीच्या चालीने चालायला सहा सेकंदांहून जास्त लागले तर ती अशक्तपणाची खूण मानतात. वेळ महिन्यागणिक वाढत असेल तर पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नका.

पायरी ७: फोन कधी, धाव कधी

फोन त्याच दिवशी: वजनाची वर सांगितलेली वाढ, सूज वर चढणं, एक उशी वाढणं, नाडी अचानक वेगळी किंवा अनियमित लागणं, उभं राहताना चक्कर, लघवी कमी होणं.

थेट इमर्जन्सी: बसूनही दम लागणं, गुलाबी फेसाळ कफ, छातीत दुखणं, ओठ निळसर पडणं, शुद्ध हरपणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं किंवा जीभ जड होणं. टावीनंतर हृदयाचे ठोके अडखळण्याचा त्रास घरी आल्यानंतरच्या दिवसांतही उद्भवू शकतो, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत आलेली भोवळ "उन्हामुळे" किंवा "उपाशी होते म्हणून" अशी निकालात काढू नका. जाताना वही आणि पायरी १ मधला कागद सोबत न्या. रात्रीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरांना त्या कागदाने अर्धा तास वाचतो.

पायरी ८: इको आणि पुढच्या तपासण्या

नव्या झडपेचा पहिला पूर्ण इको साधारण पहिल्या एक ते तीन महिन्यांत होतो. पुढच्या सगळ्या तुलनांचा तो पाया आहे, त्यामुळे त्याचा रिपोर्ट जपून ठेवा. मग वर्षाने. टावीच्या रुग्णांत त्यानंतर दरवर्षी. शस्त्रक्रियेने बसवलेल्या झडपेचं वेळापत्रक तिच्या प्रकारानुसार डॉक्टर सांगतील. एनटी-प्रोबीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी आताच बरं वाटत असताना करून ठेवली, तर पुढे दम लागल्यावर आकडा कशाशी ताडायचा हा प्रश्न उरत नाही. वयाने, मूत्रपिंडाच्या आजाराने आणि अनियमित ठोक्यांनीही हा आकडा वाढतो, त्यामुळे एकट्या आकड्याने घाबरू नका.

काही महिने बरे गेल्यावर हार्ट फेल्युअर अचानक उद्भवलं, तर नुसती लघवीची गोळी वाढवून घरी येऊ नका. "हे आत्ताच का झालं?" याचं उत्तर मागा. एट्रियल फिब्रिलेशन नव्याने सुरू झालं का? झडपेवर गुठळी धरून ग्रेडियंट वाढला का? कडेची गळती वाढली का? हिमोग्लोबिन उतरलं का? गोळ्या चुकल्या का? यातल्या बहुतेक कारणांवर स्वतंत्र उपाय आहे, आणि तो वेळेत झाला तर पुन्हा भरती होणं टळू शकतं.

ताप आला तर वेगळाच विचार करावा लागतो. कृत्रिम झडपेवर जंतू बसले तर ती काही दिवसांत निकामी होऊ शकते. कारण सापडत नसलेला ताप असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू शोधणारी तपासणी, घ्यायला सांगा. आधी गोळी घेतली की जंतू कल्चरमध्ये अनेकदा सापडत नाहीत आणि निदान लांबतं. दात काढायचा असेल किंवा हिरड्यांवर काम करायचं असेल, तर झडपेबद्दल दंतवैद्यांना आधी सांगा. कामाआधी अर्धा ते एक तास अँटिबायोटिकचा एक डोस लागतो, सहसा अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर दुसरं औषध. फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसी कधी घ्यायच्या तेही पुढच्या भेटीत ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.